झंडीच्या खांबाजवळची पेटी

लाखनीत हायवेला लागून, टायर पंक्चरवाला आणि खानावळ यांच्या मधोमध, रश्मी खोब्रागडेचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक काउंटर आणि मागच्या भिंतीशी रचलेली वायरीची बंडलं. मोठा ट्रक गेला की काउंटरवरचे स्क्रू नाचतात. गावात तिला कॅमेरावाली म्हणतात, आणि तिची पाठ वळली की आणखी बरंच काही म्हणतात. बाईमाणूस शिडीवर चढतं हे पचायला आपल्याकडे अजून वेळ लागतो. राइस मिलवाल्यांनी ते लवकर पचवलं, कारण त्यांना कोंड्यात आणि धुळीत टिकणारा कॅमेरा हवा होता आणि रश्मीनं लावलेला टिकत होता. बाकीचे त्यांच्या मागून आले.

बाप हिरालाल तलावाच्या खात्यात चौकीदार होता. पोरीनं सरकारी खुर्ची धरावी म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, आणि पोरीनं आयटीआय करून नागपुरात एका कॅमेऱ्याच्या दुकानात शिडी धरली. म्हातारा बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पुढे लग्न झालं, नवरा अंकुश एसटीत कंडक्टर लागला आणि दोघं लाखनीत आले. दुकान उघडलं त्या दिवशी हिरालालनं स्वतः बाबासाहेबांचा फोटो आणून भिंतीला लावला, तेव्हा कुठे बापलेकीचं बोलणं सुरळीत झालं.

तिच्या कामाची तऱ्हा अशी, की ती कॅमेऱ्याला लाइटची वेगळी वायर ओढतच नाही. जी वायर चित्र घेऊन येते, तीच वायर कॅमेऱ्याला वीज पोचवते. बोटाएवढीही जाड नसलेली एक वायर, आत बारीक बारीक आठ तारा, आणि अलीकडच्या टोकाला एक चपटी डबी. तिला स्विच म्हणतात, पण भिंतीवरच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "बाई, एवढ्याशा वायरीत करंट? हात लागला तं?" मग रश्मी सांगायची, "काकाजी, हे डबी आधी विचारते, मंग देते. पलीकडं कॅमेराच आहे असं उत्तर आलं, तवाच वीज सोडते. मधात ओल गेली, काही उलटसुलट वाटलं, का हात आखडते." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि तरी वायरीला चपलेच्या टोकानंच सरकवायचं.

तोंडाची ती फटकळ. मिलमालकाला तोंडावर सांगेल की तुमचा इलेक्ट्रिशियन गाढव आहे. पण एका जागी तिच्या तोंडाला कुलूप बसायचं, आणि ती जागा म्हणजे दुसऱ्याचा देव. झालं होतं असं, की सुरुवातीच्या दिवसांत मोहाडीकडच्या एका मिलमध्ये स्विचच्या बरोबर वर देवाचा दिवा होता आणि त्यातलं तेल खाली ठिबकत होतं. हिनं सरळ म्हटलं, "दिवा तिकडं सरकवा." मालकानं ऐकून घेतलं. पुढचं काम मात्र त्यानं दुसऱ्याला दिलं, आणि आठवडी बाजारात गोष्ट पसरली की खोब्रागड्याच्या पोरीला आमच्या देवाचा दिवा खपत नाही. दिवा खपत नाही! तेल खपत नव्हतं हो, तेल. पण हे बाजारात उभं राहून कुणाकुणाला सांगणार? तेव्हापासून ती देवाला वळसा घालून वायर नेते आणि ओठ मिटून ठेवते.

या मिटलेल्या ओठांनीच तिला बोरबांधच्या पटात गोत्यात आणलं.

बोरबांधचा शंकरपट म्हणजे पंचक्रोशीचा सण. धान निघाला, शेताच्या बांध्या मोकळ्या झाल्या, की मधले धुरे, म्हणजे बांध, सपाट करून लांबलचक पट तयार करतात आणि छकड्याला जुंपलेल्या दोन-दोन बैलजोड्या सोबत सोडतात. जी जोडी झंडीची रेघ आधी ओलांडेल ती पुढे. किती वर्षं त्या रेघेवर तुलाराम झंडीवाला उभा असायचा. तो झंडी ज्या बाजूला पाडेल ती बाजू जिंकली, त्यावर अपील नाही. गेल्या वर्षी शेवटच्या धावेत त्यानं झंडी बोरबांधच्या श्रावणच्या बाजूला पाडली, आणि चिचटोल्याचे लोक म्हणाले की म्हाताऱ्याला आपल्याच गावचे बैल दिसतात. मग काठ्या निघाल्या, दगड निघाले. माणसांची डोकी फुटली ते लोक विसरलेही असते, पण एक दगड चिचटोल्याच्या चंद्रकुमारच्या बैलाला लागला. माणसाचं डोकं भरून येतं. बैलाला लागलेला दगड कुणी विसरत नाही.

या वर्षी ठाणेदारानं पट समितीला बोलावून अट घातली. रेघेवर कॅमेरा असेल आणि निकाल पडद्यावर दिसेल, तरच पट. कॅमेरा बंद पडला तर तिथल्या तिथं पट बंद, आणि पुढच्या वर्षीचं नावच काढायचं नाही.

समितीचे अध्यक्ष भैयाजी कापगते तिच्या दुकानात आले. सत्तरीचा माणूस, पांढरंशुभ्र धोतर, आवाज अजून खणखणीत. ते राम राम म्हणाले, ती जय भीम म्हणाली, आणि चहा आला.

"पोरी, माहा पट आता तुह्या वायरीवर आहे," भैयाजी म्हणाले. "मधात बंद पडला तं दोन गावं एकमेकाले खातील."

"नाई पडणार, काकाजी. पडला तं हे शटर खाली ओढीन अन् पुन्हा वर नाई करीन."

असं बोलायला नको होतं. पण बोलून बसली, आणि भैयाजींनी ते गावभर सांगितलं. पटाच्या दिवसापर्यंत लाखनीपासून बोरबांधपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की कॅमेरा बंद पडला तर कॅमेरावालीचं दुकानही बंद.

मैदान बघून तिनं पहिली तक्रार केली ती मांडवाची. मांडव तलावाच्या पाळीखाली मोहाच्या झाडांत, आणि रेघ तिथून बरीच दूर. अशी वायर एका दमात शंभर मीटरच्या पुढे चालत नाही. त्यातून कॅमेरा लावायचा होता पटाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन त्याच्या पाठीशी येईल. "मांडव अलीकडं घ्या," ती म्हणाली. भैयाजींनी मान हलवली. "मांडव तठीच रायते. माह्या बापाच्या वेळपासून तठीच आहे." मग दुसरा इलाज नव्हता. वायरीची पहिली मजल झंडीच्या खांबाशी संपत होती. तिथं खांबाच्या बुडाशी तिनं एक छोटी पेटी ठेवली. ती मांडवाकडून आलेली वीज आणि चित्र झेलणार आणि पुढच्या वायरीत ढकलणार. तिथून दुसरी वायर पाइपात घालून, जमिनीत पुरून, पटाखालून पलीकडं कॅमेऱ्याच्या लोखंडी खांबापर्यंत नेली. झंडीच्या खांबाला कुणी पाय लावत नाही, म्हणून पेटीला ती जागा सुरक्षित, असा तिचा हिशोब होता.

पटाच्या दिवशी सकाळी भैयाजींची बायको रुखमिणीबाई ताट घेऊन खांबाशी आली. तिनं खांबाला हळद-कुंकू लावलं, सूत गुंडाळलं आणि बुडाशी एक सपाट दगड मांडला. रश्मीच्या पेटीला अगदी खेटून. भैयाजी नारळ घेऊन पुढे झाले.

रश्मीच्या ओठावर आलं होतं: काकाजी, दगड दोन हात सरकवा ना. एवढंच. भोवती सगळं बोरबांध उभं होतं, हात जोडून. तिला मोहाडीचा तो दिवा आठवला, बाजार आठवला. आज काही बोलले तर उद्या हेच लोक म्हणतील, पटाचा नारळसुद्धा हिला चालला नाही. ती गप्प राहिली. नारळ फुटला, पाणी दगडावरून खाली ओघळलं, लोकांनी जयजयकार केला. लोक पांगल्यावर तिनं पेटीला घाईघाईनं प्लास्टिकची पिशवी बांधली, वर टेप मारला आणि स्वतःला समजावलं की एका नारळानं काय होतंय?

एक नारळ! तिच्या घरी पट कधी कुणी खेळलं नव्हतं, त्यामुळे तिला हे कुठून माहीत असणार की बोरबांधला प्रत्येक जोडीचा मालक पहिल्या धावेआधी आपला नारळ घेऊन खांबाशी येतो, तिथंच फोडतो आणि पाणी खांबाच्या बुडाशी शिंपडतो. पहिला आला तेव्हा ती मांडवात पडद्यासमोर बसलेली होती. दुसरा आला, तिसरा आला. मग तिनं मोजणंच सोडलं. जागेवरून उठायची सोय नव्हती, कारण दर धावेला निकाल पडद्यावर थांबवून दाखवायचा होता आणि शेजारी ठाणेदार खुर्ची टाकून बसला होता. दुपार होईपर्यंत खांबाच्या बुडाशी गुलाल आणि नारळाच्या पाण्याचा चिखल झाला.

तुलाराम म्हातारा अजूनही रेघेवरच उभा होता, झंडी त्याच्याच हातात होती. समितीनं त्याचा मान ठेवला होता, निकाल तेवढा काढून घेतला होता. दर धावेला तो झंडी पाडायचा आणि मग मान वाकडी करून मांडवाकडे बघायचा. पडदा आणि झंडी जुळली की त्याची छाती जरा फुगायची. दुपारपर्यंत दर वेळी जुळली, आणि लोक आपसात म्हणू लागले की गेल्या वर्षी उगीच म्हाताऱ्याला बोल लावला.

आणि मग चित्र थरथरलं.

क्षणभरच. पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण रश्मीच्या आलं. तिनं स्विचवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. तो विझला, लागला, पुन्हा विझला. वायरीत कुठेतरी ओल शिरली होती, आणि स्विच हात आखडत होता. कुठे शिरली हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती उठली. भैयाजींनी तिच्याकडे पाहिलं. "आता कोठी चालली? शेवटची धाव लागून राहिली."

दिवा लागला होता. चित्र स्वच्छ होतं. आता खांबाशी जाऊन पेटी उघडायची तर हजार डोळ्यांसमोर, गुलालात हात घालून. ती पुन्हा बसली. त्या बसण्याबद्दल मी तिची बाजू घेणार नाही. तिनं स्वतःही कधी घेतली नाही.

शेवटची धाव नको त्याच दोघांत लागली होती. बोरबांधचा श्रावण आणि चिचटोल्याचा चंद्रकुमार. दोघेही आपापले छकडे स्वतः हाकणारे, दोघेही गेल्या वर्षीचे. पटाच्या दोन्ही बाजूंना दोन गावं दाटीवाटीनं उभी होती. बैल सुटायच्या जागी आले, दोघांनी कासरे आवळले, आणि पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

आधी मांडवापुढचे लोक गप्प झाले. मग ती शांतता मागे मागे सरकत गेली आणि तिकडून आरडाओरडा होऊन परत आली.

"यायनंच बंद केला!" चिचटोल्याच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं. "हारतील म्हणून बंद केला!"

"कॅमेरावाली, शटर ओढ आता!" बोरबांधच्या बाजूनं उत्तर आलं.

ठाणेदार उठून उभा राहिला. "बाई, चालू होतोय का सांगा. नाहीतर मी पट बंद करतो, आत्ता."

"होते साहेब, होते," म्हणत रश्मी हत्यारांची पिशवी घेऊन पटाच्या कडेनं धावत सुटली. धावताना तिला दिसलं की झंडीच्या खांबाशी आधीच गर्दी झाली आहे. बोरबांधच्या चार-पाच जणांनी एकाची कॉलर धरली होती. तो चंद्रकुमारचा धाकटा भाऊ भुपेंद्र. त्याला खांबाशी वाकलेला कुणीतरी पाहिला होता.

"यानंच वायर उपटली! मी माह्या डोळ्यानं पायलो!"

"अरे, मी शेवटच्या धावेचा नारळ फोडत होतो बापा! नारळ!"

त्याचा ओठ फुटला होता. चिचटोल्याचे लोक पट ओलांडून येऊ लागले होते आणि बैल हाकायच्या काठ्या, तुताऱ्या, हातात उलट्या धरलेल्या दिसत होत्या. रश्मी गर्दीत घुसली, खांबाशी गुडघ्यावर बसली आणि पिशवी फाडून पेटी उघडली. आत गुलाबी पाणी साचलेलं होतं. जोडावरच्या पितळेसारख्या बारीक पट्ट्या हिरव्या-काळ्या पडल्या होत्या.

"काय झालं?" ठाणेदार मागोमाग आला होता. "कोणी तोडली का?"

लूज कनेक्शन होतं, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हे तिच्या मनात आलं. पण लूज म्हटलं तर कुणी लूज केलं हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर ज्याची कॉलर लोकांच्या मुठीत होती तोच. खरं सांगावं तर ती ज्याला इतकी वर्षं घाबरत होती तेच तोंडानं बोलावं लागणार. भुपेंद्रच्या हनुवटीवरून रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर ठिबकत होतं. रश्मी उभी राहिली. माइकवाला निवेदक तिथंच होता, त्याच्या हातातून तिनं माइक घेतला.

"त्याले सोडा," ती म्हणाली. "वायर कोणी तोडली नाई. पेटीत नारळाचं पाणी गेलं. सकाळपासून सगळ्यायनं फोडले, बोरबांधनं फोडले, चिचटोल्यानंही फोडले. माही पेटी दगडाले लागून होती. मले सकाळीच दिसलं होतं. मी बोलली नाई. चूक माही आहे, त्याची नाई."

भुपेंद्रची कॉलर सुटली. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालंच, "आता आमच्या नारळाले बट्टा लावते." आणि दुसऱ्यानं त्याला हसून दाद दिली. एवढी वर्षं ओठ मिटून काय मिळवलं, असं रश्मीला वाटलं, आणि रडू येण्याऐवजी संताप आला.

भैयाजी तोवर येऊन पोचले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सकाळी दिसलं होतं तं सांगतली काहून नाई? दगड सरकवाले का लागते? आम्ही तुले खाऊन टाकलो असतो का?"

"सांगतली असती तं आयकले असते का, काकाजी?"

भैयाजींनी मागं वळून आजूबाजूला पाहिलं. मघाशी हसलेला माणूस त्यांच्याच भावकीतला होता. ते तिच्याकडे वळले.

"आता काय लागते ते सांग," ते म्हणाले.

"टेबल लागते. पडदा, रेकॉर्डर, स्विच, बॅटरी, सगळं इथी आणाचं. खांबापासून जरा बाजूले, कोरड्यात. मधातली पेटीच नको मले."

भैयाजींनी हाक दिली तशी माणसं धावली. टेबल उचलून आणताना एका बाजूला बोरबांधचे होते आणि दुसऱ्या बाजूला, कुणी न सांगता, चिचटोल्याचे, कारण दोघांचाही एकमेकांच्या हातावर विश्वास नव्हता. बॅटरी तर दोघांनी मिळून आणली, एकमेकांकडे न बघता. रश्मीनं कॅमेऱ्याकडून आलेल्या वायरीचं भिजलेलं टोक कापून टाकलं, हातभर आणखी कापलं, आणि आतल्या आठ तारा सोलल्या. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. हे काम ती डोळे मिटून करते. त्या दिवशी डोळे उघडे असून जमेना, कारण डोक्यावर दोन गावं वाकून बघत होती.

टोकाला प्लास्टिकची क्लिप दाबली, स्विचमध्ये घातली. दिवा लागला नाही.

"नाई जमत तं सोडून द्या," ठाणेदार म्हणाला.

"थांबा!" ती त्याच्यावर खेकसली. ठाणेदारावर आजवर पटात कुणी खेकसलं नव्हतं, त्यामुळे तो खरंच थांबला. तिनं क्लिप कापून फेकली, तारा पुन्हा सरळ केल्या, अंगठ्याखाली दाबून एका रेषेत कापल्या, नव्या क्लिपेत सरकवल्या आणि पक्कड सगळा जोर लावून आवळली. घातली. हिरवा दिवा एकदा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला आणि स्थिर झाला. थोड्या वेळानं पडद्यावर पट दिसू लागला: पांढरी रेघ, गुलाल, आणि रेघेशी उभ्या तुलारामचे धोतरातले बारके पाय.

कुणीही टाळी वाजवली नाही. सगळे आपापल्या बाजूला पळाले, कारण बैल पलीकडं थयथयत होते.

सुटल्याचा आरडाओरडा आधी कानावर आला, मग जमिनीतून धडधड आली. श्रावणची जोडी अर्ध्यापर्यंत पुढे होती, मग चंद्रकुमारची भिडली. रेघेपाशी दोन्ही छकडे धुळीच्या एकाच लोटात शिरले आणि तुलारामनं झंडी श्रावणच्या बाजूला पाडली. बोरबांधनं एकच गलका केला. गुलाल उधळला गेला, पोरं पटात घुसली, कुणीतरी भैयाजींना मिठी मारली.

रश्मीनं चित्र मागे नेलं, सावकाश पुढे आणलं आणि रेघेवर थांबवलं.

तिनं ते एकदा पाहिलं. पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मिठीतून सुटून भैयाजी तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते. त्यांनीही पाहिलं. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"पोरी," ते अगदी हळू म्हणाले. "मशीन आत्ताच बिघडली होती. सगळ्यायनं पायलं. पुन्हा बिघडली म्हणून सांगाचं. ठाणेदाराले मी पाहून घेतो, फेरधाव होऊन जाईन. तुले कोणी बोल लावणार नाई."

खरंच लावला नसता. तिनं माइकवर सगळ्यांदेखत चूक कबूल केली होती, तेव्हा आणखी एका चुकीवर कुणीही विश्वास ठेवला असता. शटरच्या बोलीची आठवण भैयाजींनी कुणाला काढू दिली नसती, बोरबांध खूश झालं असतं, आणि चिचटोल्यालाही फेरधाव मिळाली असती. भैयाजी काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त त्या गुलालाची भीती वाटत होती, जो अजून हवेतून खाली यायचा होता. रश्मीलाही वाटत होती.

"मशीन आता बिघडली नाई, काकाजी," ती म्हणाली. "आता तं आयका."

भैयाजींनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला, आणि तो स्वतःच्या तोंडाशी न नेता तिच्यापुढे धरला. "मग तूच सांग," ते म्हणाले. "माह्या तोंडून निघत नाई."

तिनं माइक घेतला. "चिचटोला," ती म्हणाली. "चंद्रकुमारची जोडी."

गुलाल उधळणारे हात तसेच वर राहिले. रेघेवर तुलारामनं झंडी खाली ठेवली. चिचटोल्याकडून एक आरोळी उठली आणि बोरबांधची शांतता बघून अर्ध्यातच थांबली. मग गर्दी बाजूला झाली आणि तिच्यातून श्रावण आला. धुळीनं माखलेला, हातात अजून कासरा. त्याच्या मागे त्याच्या गावची पोरं होती आणि त्यांच्या हातात आता गुलाल नव्हता.

"दाखव," तो म्हणाला.

तिनं दाखवलं.

"पुन्हा दाखव."

तिनं पुन्हा दाखवलं. तो पडद्याला नाक लागेल इतका वाकला. रेघ पांढरी, दोन्हीकडची मुस्कटं, आणि मध्ये बोटभर फट. त्यानं आपलं धुळकट बोट पडद्यावर टेकवलं.

"हा माहा बैल, बादल," तो मागं न वळता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मागं आहे."

"दादा, पण झंडी..." मागून एक पोरगा म्हणाला.

"मागं आहे म्हणतो ना! जा, बैलाले पाणी पाजा."

पोरं थोडी घुटमळली आणि मग गेली. श्रावण सरळ उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं रश्मीकडे नीट पाहिलं. तो शांत नव्हता. त्याचे डोळे भरलेले होते आणि आवाजात राग होता.

"तू खोटं बोलली असती तं मी जितलो असतो," तो म्हणाला. "छकड्यावरच कळलं होतं मले, आपण मागं रायलो. जलमभर मले माईत रायलं असतं."

एवढं बोलून तो बैलांकडे निघून गेला. रश्मीनं माइक टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला, पण तो हातातून घसरून खाली पडला आणि कर्ण्यांतून एक कर्कश आवाज मैदानभर घुमला. ती टेबलाच्या पायाशी मटकन बसली आणि दोन्ही गावांसमोर, तोंड न झाकता, हमसून हमसून रडली.